द्राक्षाची पूड आणि आत्याच्या गोळ्या

नाशिक,
गुरुवार

प्रिय किशोर,

आत्या बरी आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील. माझं पत्र आलेलं पाहून तुला नवल वाटेल. आपण आजवर फोनवरच बोलत आलो. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मीही वर्गात शिकवल्यासारखी बोलायला लागते, मग तू 'बरं बरं' म्हणून ठेवून देतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. मीनालाही दे वाचायला, पण आधी तू एकटा वाच.

इकडचं सगळं ठीक. ज्ञानेशला अंबडच्या कारखान्यात आता कायमची पहिली पाळी मिळालीय, त्यामुळे संध्याकाळी घरात माणूस दिसतो. कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या. थंडी यंदा फार आहे. तुमच्याकडे पिंपळगावला बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवल्या म्हणून पेपरात फोटो होता. द्राक्षाला साखर भरायचे दिवस आले, म्हणजे महिन्याभरात वाइनरीतून द्राक्षाचा चोथा यायला लागेल आणि तुला जेवायला वेळ मिळणार नाही. म्हणून आत्ताच लिहितेय.

माझ्या प्रयोगाचं तुला नीट असं कधी सांगताच आलं नाही. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत आपण मखमलाबादला आत्याच्या ओट्यावर बसलो होतो. आत्या पुढ्यात झेंडूची पाटी घेऊन ओवत होती आणि मी उंदरांची गोष्ट सांगत होते. मधुमेह झालेले उंदीर, त्यातल्या काहींना द्राक्षाच्या साली-बियांचा अर्क दिलेला, काहींना नाही. मग गोल हौदात पाणी भरून, पाण्याच्या जरा खाली एक फळी लपवून, त्यांना पोहायला सोडायचं. धडधाकट उंदराला फळी कुठे आहे ते थोड्या दिवसांत लक्षात राहतं. साखर वाढलेला उंदीर मात्र गोल गोल फिरत राहतो. त्याला कालची फळी आज आठवत नाही. ज्यांना अर्क दिला होता त्यांना ती लवकर सापडायला लागली. नंतर त्यांच्या डोळ्यांचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तिथेही नासधूस कमी होती. हे ऐकताना तू हातातली चकली तशीच धरून बसला होतास, ते मला आठवतं. पुढचं अर्धं मी त्याच दमात सांगितलं होतं, की त्या उंदरांची साखर काही फारशी उतरली नव्हती, की त्यांना दिलेला अर्क माणसाच्या वजनाला लावला तर कुणी रोज खाईल असं वाटत नाही, आणि की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण तोवर तुझं डोकं पिंपळगावला पोचलं होतं.

आत्यानं तेव्हा मला विचारलं होतं, सगळं द्राक्षातच का, झेंडूत काही नाही का. मी सांगितलं, आहे ना, झेंडूच्या पाकळीत जो पिवळा रंग असतो तोच आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध असतो, त्याच्याही गोळ्या निघतात. ती ओवता ओवता थांबली. "म्हंजे माझ्या डोळ्यात झेंडू हाय म्हण की," म्हणाली. नंतर कितीतरी दिवस ती गिऱ्हाइकांना हे सांगायची. आत्याचं असंच आहे. तिला एखादी गोष्ट पटली की ती आपल्यापुरती ठेवत नाही.

मग माझा लेख छापून आला, आणि कुणीतरी त्यावर इथल्या पेपरात चार ओळींची बातमी केली. मथळा होता 'द्राक्ष राखणार मधुमेहींचे डोळे आणि मेंदू'. खाली शेवटच्या ओळीत उंदरांचा उल्लेख होता. तू ती बातमी कापून काचेच्या चौकटीत लावलीस. मी तुला म्हटलं की मथळा खोटा आहे. तू म्हणालास, "खोटा नाही ताई, जरा पुढचा आहे." मला हसू आलं होतं. तुझं बोलणं पहिल्यापासून असंच, माणसाला राग येऊ देत नाही.

आणि राग यायचं कारणही नव्हतं. तुझी मेहनत मी पाहिलीय. वाइनरीवाले जो चोथा खड्ड्यात टाकायचे तो तू आणून वाळवलास, साली-बिया वेगळ्या केल्यास, पूड इतकी बारीक दळलीस की कपड्यातून गाळल्यासारखी. तिच्यात भेसळ नाही, हे मी स्वतः प्रयोगशाळेत पाहिलंय. कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी करून तू हे उभं केलंस. त्याआधीचे दिवसही मला आठवतात. तुझी अंबडची कंपनी बंद झाली आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास. दाढी नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. मी आणि ज्ञानेश समजावून थकलो. आत्यानं काहीच समजावलं नाही. ती रोज पहाटे येऊन तुला उठवायची, डोक्यावर फुलांची पाटी द्यायची आणि गणेशवाडीच्या फुलबाजारात घेऊन जायची. तू नुसता तिच्याशेजारी बसायचास. हळूहळू सुतळी तोडून द्यायला लागलास, मग गिऱ्हाइकाशी बोलायला लागलास. तुला त्यातून आत्यानं काढलं. आपली आई गेल्यावरही आपल्याला तिनंच काढलं होतं. हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढचं तिच्या वागण्यावरून कळणार आहे.

आत्याची साखर जुनी, म्हणून तुझी पहिली पुडी तिलाच मिळाली. तिनं ती देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाण्यातून घ्यायला लागली. बाजारात शेजारच्या नवसाबाईपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगायला लागली, की माझ्या पोरानं केलंय, डोळ्याला आणि डोक्याला चांगलं असतं, माझ्या भाचीनं कॉलेजात तपासलंय. मग तू एक दिवस आलास आणि हारांच्या ढिगापुढे बसवून तिचा व्हिडिओ काढलास. तो किती लोकांनी पाहिला ते तुलाच ठाऊक. आमच्या कॉलेजच्या शिपायानं मला दाखवला, ही तुमचीच आत्या ना म्हणून.

गणपतीच्या सुमाराला मला काही गोष्टी खटकायला लागल्या. आत्या एकच गोष्ट दोनदा सांगायची. एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून ती शेजारी जाऊन बसली. एकदा पंचवटीत भलत्याच थांब्यावर उतरली आणि आपण कुठे आहोत हे न सुचून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. नवसाबाईच्या सुनेला दिसली म्हणून बरं. मी विचारलं तर म्हणाली, वय झालं. हारांमध्येही गडबड व्हायला लागली होती. पिवळ्या हारात केशरी फूल यायचं. तिच्या हातून असं कधी झालेलं मला आठवत नाही. मी डोळे तपासायचं म्हटलं. ती म्हणाली, चष्मेवाल्याकडे जाऊन नंबर काढून आले, थोडाच वाढलाय. चष्म्याचा नंबर वेगळा आणि डोळ्याचा पडदा वेगळा, साखर असलेल्या माणसानं पडदा दर वर्षी दाखवायचा असतो, हे मी तिला सांगितलं. दसरा होऊ दे, मग बघू, म्हणाली. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूवालीला दवाखान्यात नेणं म्हणजे काय, तुला माहीत आहे.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्यानं मला नंतर सांगितलं, आधी उजव्या डोळ्यापुढं चिलटं उडाल्यासारखं झालं, मग पाण्यात काजळ सोडावं तसं काळं वरून खाली उतरत आलं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. डाव्या डोळ्यानं काम चालू ठेवलं. एका गिऱ्हाइकानं हार मागितला, तेव्हा तिनं हार उचलून जिथं कुणीच नव्हतं तिथं धरला. तो माणूस दुसऱ्या बाजूला हात पुढं करून उभा होता. नवसाबाईनं ते पाहिलं आणि मला फोन लावला.

तू तेव्हा पुण्याच्या प्रदर्शनात होतास. स्टॉलवर गर्दी आहे, फोन करू नका, असं मीना म्हणाली होती. दोन दिवसांनी तुझा फोन आला तेव्हा आत्यानं तुला स्वतः सांगितलं, मोतीबिंदू होता, काढला. मी तिच्या शेजारीच होते. तो मोतीबिंदू नव्हता, किशोर. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. साखर खूप दिवस चढी राहिली की पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यातली एखादी कधी तरी गळते. तिच्या दोन्ही डोळ्यांत त्या झाल्या होत्या.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा पेन्सिलीनं गोल केला आणि आत्याला विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना. आत्या हो म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिला बाहेर बसवल्यावर मला म्हणाल्या, आजी बरेच दिवस गोळ्या घेत नाहीयेत, हा आकडा गोळ्या घेणाऱ्या माणसाचा नाही. माझा विश्वास बसला नाही. आत्या आणि खोटं, हे मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं.

बाहेर बाकावर मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं.  ती म्हणाली, वटपौर्णिमेपासून सोडल्यात. का, म्हणून विचारल्यावर ती जे बोलली ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते मला नीट सांगता येणार नाही.

"लोकं मला इचारायची, बाई, ह्या पुडीनं गुण येतो का. मी गोळी बी खायची, पूड बी खायची. मंग गुण कशाचा म्हणून सांगू? गोळी खाऊन पुडीचं नाव घ्यायचं म्हंजे लबाडी झाली ना. माझ्या पोराच्या मालावर मी लबाड बोलू व्हय? म्हणून गोळी सोडली. आता जे सांगायची ते खरं सांगायची."

 तुझ्या व्हिडिओत ती म्हणते ना, 'मी हेच घेते, दुसरं काय नाय घेत', तिथं तू कॅमेऱ्यामागून हसल्याचा आवाज येतो. तुला वाटलं, ती दुसऱ्या कुणाची चूर्णं घेत नाही म्हणतेय. मलाही तेच वाटलं होतं. ती आपल्याला सरळ सांगत होती, आपल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतरचं थोडक्यात लिहिते. डाव्या डोळ्याला लेझर दिलं आणि मग डोळ्यात इंजेक्शनं दिली. मी हात धरून उभी असायचे. ती दर वेळी डॉक्टरबाईंना विचारायची, तुमची फुलं कुठून येतात. डावा डोळा वाचला. चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही, पण माणसं ओळखता येतात, भाजी निवडता येते, एसटीची पाटी वाचता येते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण पडदा ताणला जाऊन सुटला होता. त्या डोळ्यानं आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. यापुढं तेवढंच राहील. गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन सुरू झालं, मी तिला टोचून घ्यायला शिकवलं. साखर खाली आली तसं तिचं विसरणंही बरंच कमी झालं. मेंदूचा फोटो काढला होता. त्यात बारीक रक्तवाहिन्यांना थोडी इजा दिसते. डॉक्टर म्हणाले, यातलं काही वयाचं आहे, काही साखरेचं, पण साखर आवरली तर पुढचं नुकसान मंदावेल. आता ती थांबा चुकत नाही.

तू लगेच स्वतःला दोष द्यायला लागशील, म्हणून डॉक्टरबाई जे म्हणाल्या तेही लिहिते. तिची साखर फार जुनी होती आणि पडदा कधीच तपासलेला नव्हता, त्यामुळे सुरुवात आधीच झाली असणार. गोळ्या सोडल्यानं ते भराभर वाढलं. मी त्यांना पुडीबद्दल स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, "पुडीनं हिचं काही बिघडवलेलं नाही. पुडीनं जागा घेतली, तिथं बिघडलं." मला हे वाक्य पटलं. माझं सगळं संशोधन त्यात बसतं. द्राक्षाच्या सालीत गुण आहे, हळदीत आहे, झेंडूत आहे, जांभळाच्या बीतही असेल. पण तो गुण गोळीच्या सोबत बसून किती मदत करतो एवढंच आम्ही शोधतोय, आणि माणसांवर ते अजून नीट सिद्ध व्हायचंय. गोळीला उठवून तिच्या पाटावर बसायचं काम त्याचं नाही.

आत्यानं तेव्हा मला बजावलं होतं, किशोरला यातलं काही सांगायचं नाही. अंबडच्या वेळी कसा पडला होता ते तू बघितलंस ना, आता कुठं उभा राहिलाय, म्हणाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दिवाळीला तू आलास तेव्हा ती मुद्दाम तुझ्या उजवीकडे बसली, म्हणजे तू तिच्या चांगल्या डोळ्याकडे येशील. तिनं तुला पानात वाढलंसुद्धा. तू म्हणालास, मोतीबिंदू काढल्यापासून आत्या तरणी दिसते. ती हसली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पौष लागल्यावर ती हट्टानं पुन्हा बाजारात बसायला लागली. नवसाबाई दोरा ओवून देते, फुलं रंगाप्रमाणे वेगळी करून देते, हार आत्या ओवते. गेल्या शनिवारी मी तिला आणायला गेले तर पाटीपुढे एक माणूस उकिडवा बसलेला. बहिरू नाव, पेठ तालुक्याकडचा, आणि मागे त्याची बायको डोक्यावर पदर घेऊन उभी. एवढ्या लांबून ते दोघं बसनं आले होते, आत्याला भेटायला. त्याच्या पुतण्यानं त्याला मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला होता. त्याला पुडी हवी होती, पण त्याआधी त्याला एक विचारायचं होतं. बायकोला साखर आहे, डोळ्यांना अंधारी येते, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, त्या त्यांनी आठवडाभर झाला बंद केल्यात, ते बरोबर केलं ना. हे त्यानं इतक्या विश्वासानं विचारलं की मी पुढे व्हायला गेले, पण आत्यानं हातानं मला थांबवलं.

तिनं मांडीवरचा हार बाजूला ठेवला, डाव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला आणि त्याच्याकडे तोंड केलं. "आता मला तू दिसत नाय," म्हणाली. "हायस का उठून गेलास, ते आवाजावरून कळंल तेवढंच. गोळी सोडली म्हणून ही गत झाली. त्या इडिओत मी गोळी सोडली होती ते खरं, पण त्यानं बरी झाले ते खरं नव्हतं, मलाच तवा ठावं नव्हतं."  आत्यानं त्याच्या बायकोला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात हातात धरून सांगितलं, "पूड खा का नको खाऊ, तुझी मर्जी. गोळीचं मातर डागदरला इचार, आजच्या आज."

मी त्यांना तिथूनच सिव्हिलला घेऊन गेले. तिची साखर बरीच वर गेली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पडदा तपासला. नासधूस नुकती सुरू झालीय, वेळेत आली, म्हणाले. परत जाताना बहिरूनं आत्याकडून झेंडूचा एक हार मागून घेतला, गावच्या देवाला घालायला.

 घरी येताना रिक्षात मखमलाबादचा फाटा आल्यावर आत्या म्हणाली, "मंजू, आसं अजून किती आले असतील गं?"  

आता माझं मागणं. तो व्हिडिओ आजच काढून टाक, आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे पुडी गेली असेल त्यांना गोळ्या सोडू नका म्हणून निरोप पाठव. नव्या हंगामाच्या खोक्यांवर माझं नाव 'डॉ.'सकट छापायचं तू विचारलं होतंस, आणि मी बघू म्हटलं होतं. डोळे, मेंदू, मधुमेह हे शब्द ज्या खोक्यावर असतील त्यावर माझं नाव येणार नाही. तेही शब्द काढ, किशोर. मग उरते ती द्राक्षाच्या साली-बियांची चांगली, स्वच्छ पूड. ती लोकांनी भाकरीच्या पिठात घालावी, बिस्किटात घालावी, आवडली तर खावी. तेवढं खरं लिहिलेल्या खोक्यासाठी मी तुझ्याबरोबर दुकानोदुकानी फिरायला तयार आहे. माल कमी खपेल. पण तुझी पूड चांगली आहे, ती खऱ्यावरही उभी राहील असं मला वाटतं. आणि नाहीच राहिली तर आपण दुसरं काही तरी करू.

एवढं सगळं मी स्वतः येऊन सांगू शकले असते. पत्र आत्याच्या सांगण्यावरून लिहितेय. आत्ता ती माझ्यासमोर बसलीय आणि मी लिहिलेलं तिला वाचून दाखवतेय. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं, त्याला लागेल असं लिहू नको म्हणून. मी ते तसंच ठेवलं. तिचं म्हणणं असं, की हे तुला तिच्या तोंडून ऐकावं लागू नये, कारण मग तिच्या तोंडाकडे बघून तुला धड रडताही येणार नाही आणि उठून जाताही येणार नाही. म्हणून आधी तू हे वाचून घ्यायचंस, काय वाटायचं ते वाटून घ्यायचं. कुरियरवाला उद्या संध्याकाळपर्यंत पोचवतो म्हणालाय. रविवारी सकाळच्या एसटीनं ती पिंपळगावला येतेय. मला बरोबर येऊ देत नाही, मी एकटी जाणार आणि महिनाभर राहणार, म्हणते. इन्सुलिन पिशवीत बांधून देईन, ते फ्रिजमध्ये ठेव. तुला माफ करायला ती येत नाहीय, तिच्या लेखी तू काही केलेलंच नाहीस. तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडशील या भीतीनं ती येतेय. तेव्हा दाढी करून स्टँडवर जा. गाडी लागली की घाईनं पायरीशी जाऊन तिचा हात धरू नकोस, ती दचकते. तिच्या डाव्या अंगाला उभा राहा आणि तिला उतरू दे. तिचं तिला तू दिसशील.

तुझीच,
मंजूताई